दाभण कुणाला धरता येतं?

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका खेड्यातून पुण्यात शिकायला आलेली ही मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. पेठेत कॉट बेसिसवर राहते. दुपारपर्यंत कॉलेज, पाच ते दहा अभ्यासिका. पुढे राज्यसेवा द्यायची आहे. गेल्या वर्षी तिनं कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपसाठी ऑडिशन दिली, स्वतःच लिहिलेला आजीचा एक उतारा म्हणून दाखवला. तिच्या ‘पानी’वर दोन-तीन जण हसले. निवड झाली नाही आणि ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. या वर्षी परत ऑडिशनचं पोस्टर लागलंय. मैत्रीण म्हणते, ‘चार-पाच क्लबांत नाव घाल, सीव्ही भरेल.’ वडील म्हणतात, ‘नको त्या भानगडीत पडू नको, शिकायला पाठवलंय तुला.’ शिवाय प्रत्येक ग्रुप टी-शर्टचे पाचशे-सहाशे रुपये मागतो. ती लिहिते, ‘ताई, कॉलेज संपेल आणि मला वर्ग आणि लॅब सोडून काहीच आठवणार नाही. रात्री आठनंतर अभ्यासिकेत बसून मी माझ्याच कॉलेजची रील्स बघत असते. पण आता उशीर झालाय, आणि हे सगळं पुण्याच्या, इंग्लिश मीडियमच्या मुलांसाठीच असतं असं वाटतं. मी काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

त्या ‘पानी’पासूनच सुरुवात करते, कारण तुझं अर्धं पत्र तिथेच अडकून पडलंय. ते हसले हे चूकच झालं. ‘मनावर घेऊ नकोस’ असं मी सांगणार नाही; लागलं ते लागलंच. फक्त एक गोष्ट माहीत असू दे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९चे आहेत. २०१६मध्ये त्यांत भर घालून हे स्पष्ट केलं गेलं की प्रदेश, भाषा, जात, जन्मस्थान किंवा घरची परिस्थिती यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला मानसिक त्रास देणं, त्याला वगळणं, हेही रॅगिंगच. एकदा कुणी खुसखुसलं म्हणून लगेच तक्रार कर असं माझं म्हणणं नाही. पण तेच कुणी मुद्दाम, पुन्हा पुन्हा करत राहिलं तर ते चेष्टा म्हणून गिळायचं नाही. कॉलेजात त्यासाठी समिती असते, आणि १८००-१८०-५५२२ ही देशभरासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. हे तुझ्याबरोबरच, हा मजकूर वाचून गप्प बसलेल्या दुसऱ्या कुणासाठीही.

आता त्या दिवसाकडे पुन्हा एकदा बघू. हसले ते दोन-तीन जण. खोलीत बाकीचेही होते ना? त्यांचं काय, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. कसं असेल? तू मान खाली घालून बाहेर पडलीस आणि वर्षभर त्या मजल्यावर गेलीच नाहीस. त्या दोघा-तिघांच्या हसण्यावरून तू अख्ख्या कॉलेजचा निकाल लावून टाकलास की इथलं काहीच आपलं नव्हे. मला वाटतं, तू एकाच दारावर थाप मारलीस आणि ते दार नेमकं सगळ्यांत अरुंद होतं. ऑडिशनमधून एका एकांकिकेसाठी पाच-सात जण घेतात. त्याच कॉलेजात शेकडो मुलं काही ना काही करत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कुणी कधी निवडलेलं नसतं. ती एक दिवस यायला लागली आणि मग येत राहिली, इतकंच.

मी कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराला गेले होते. आमच्यात बहुतेक शहरातली पोरं. गावाबाहेरच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती मातीनं भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. पावसाळ्यानंतर वाहून जाणारं पाणी त्यामागे थांबतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरींना त्याचा आधार होतो. ऐकायला सोपं वाटलं. प्रत्यक्षात दुपारपर्यंत आम्ही भरलेली निम्मी पोती उचलतानाच उसवली. शेवटी सर वैतागून म्हणाले, ‘दाभण कुणाला धरता येतं?’

लातूरकडची एक मुलगी होती. तोवरच्या दोन दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती, जेवणाच्या रांगेतही शेवटी उभी राहायची. तिनं हात वर केला नाही. उठली, दाभणात सुतळी ओवली आणि पोत्याशी उकिडवी बसली. पोत्याचे दोन्ही कोपरे मुठीत धरून पिळले, त्यांना सुतळीचे वेढे देऊन मुठीएवढे कान काढले, मग मधलं तोंड सात-आठ टाक्यांत आवळून टाकलं. कानांना धरून दोघांनी पोतं उचललं. एक टाका हलला नाही. ‘बापासंग मोंढ्यात जायचे मी, पोती शिवू लागायचे,’ एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, जरा धीर करून, ‘गच्च भरू नका, पाऊणच भरा, मग पोतं नीट बसतंय. आन् एकावर एक सरळ नका ठेवू, इटांसारखा सांधा मोडा.’ त्या संध्याकाळी ओढ्याचं पाणी थांबून मागे पसरायला लागलं, तेव्हा आम्ही सगळे चिखलात उभे राहून नुसते बघत होतो. पुढच्या वर्षी शिबिराच्या तयारीची पहिली बैठक तिच्या वेळेनुसार ठरली.

तिचं ‘पानी’, ‘आन्’ आणि ‘इटा’ तेव्हाही तसेच होते. शिबिरात तिची परीक्षा घ्यायला कुणी बसलं नव्हतं. तिनं नाव नोंदवलं होतं, म्हणून ती तिथे होती. आणि ती तिथे होती, म्हणून तिला येणारी गोष्ट कधीतरी कामाला आली. तुझ्या हाताला काय येतं हे मला पत्रातून कळत नाही. पण हे नक्की कळतं की ते कॉलेजात अजून कुणालाही कळायची संधी तू दिलेली नाहीस, कारण शेवटचा तास संपला की तू तिथून निघतेस.

उशीर झालाय का? याचं उत्तर हिशेबानं देते. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे रासेयो, १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि तिची रचना अशी आहे: दोन वर्षं, दर वर्षी १२० तास, एकूण २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं एक विशेष शिबिर. तू दुसऱ्या वर्षाला आहेस. आता नाव दिलंस तर हे वर्ष आणि पुढचं, बरोबर दोन होतात. १२० तास वर्षभरात वाटले तर आठवड्याला अडीच तासांच्या आसपास पडतात. एनसीसीचं मात्र तसं नाही. ‘सी’ सर्टिफिकेटपर्यंत पोचायला पदवीची तीनही वर्षं लागतात, म्हणून त्यासाठी तुला खरंच उशीर झालाय. पहिल्या वर्षाला असलेल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि एक काम कर, तुझी गेल्या वर्षीची गुणपत्रिका काढून बघ. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमालाही श्रेयांक आहेत. रासेयो, एनसीसी, खेळ, कला यांतलं काहीतरी निवडावं लागतं. फॉर्म भरायच्या गडबडीत तूही कशावर तरी खूण केली असशील आणि सहीपुरती हजेरी लावून मोकळी झाली असशील. बहुतेक जण तसंच करतात. म्हणजे एका उपक्रमाच्या यादीत तुझं नाव कदाचित आधीच आहे. कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांकडे किंवा मॅडमकडे जाऊन ‘माझं नाव आहे, मला काम द्या’ एवढं म्हणायला ऑडिशन लागत नाही.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. ती तुझ्या भल्याचंच सांगतेय, पण मला तो मार्ग पटत नाही. चार-पाच ठिकाणी नाव घातलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. ती सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत असतात आणि कुठल्याच खोलीत नसतात. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्रं जमतात. पण ‘यात तू नेमकं काय केलंस?’ असं कुणी विचारलं की दोन वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा एकच जागा धर आणि तिथे आठवड्यातला एक ठरलेला वार दे. गुरुवार म्हणजे गुरुवार, पाऊस असो की सबमिशन. पहिले तीन-चार आठवडे अवघडल्यासारखं होईल, कुणाशी काय बोलावं कळणार नाही, आपण उगाच आलो असं वाटेल. ते सगळ्यांनाच होतं, पुण्याच्या मुलांनासुद्धा. साधारण महिन्याभरात एखाद्या गुरुवारी तू गेली नाहीस, तर कुणाचा तरी फोन येतो, ‘अगं, कुठेयस? यादी तुझ्याकडे आहे ना?’ त्या फोनपर्यंत टिकायचं.

यादीवरून आठवलं. नाटकाचं दार तू कायमचं बंद करू नयेस असं मला मनापासून वाटतं. पुरुषोत्तम करंडक ही पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठते, ती ऐकताना स्टेजवरचे पाच-सात जणच डोळ्यांसमोर येतात. पण त्यांच्यामागे सेट बनवणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे, संगीताचं बटण नेमक्या वाक्यावर दाबणारे, कपडे गोळा करणारे, प्रॉपर्टीची यादी हातात घेऊन विंगेत उभे राहणारे असतात, आणि सेट ठरलेल्या वेळात लागला नाही तर अख्ख्या एकांकिकेची मेहनत पाण्यात जाते. बॅकस्टेजला माणसं कायम कमी पडतात. तालमीच्या खोलीत जाऊन ‘मला बॅकस्टेज करायचंय’ म्हणालीस, तर तुला परत पाठवणारा ग्रुप विरळाच. समजा त्यांची यंदाची एकांकिका खेड्यात घडणारी निघाली आणि पुण्यातला मुलगा गावच्या माणसाची भाषा बोलायला लागला, तर त्यात कुठे खोट आहे हे तुझ्या कानाला पहिल्या वाक्यात कळेल. ते त्यांना सांगायला कुणीतरी हवंच असतं.

हेही सांगायला हवं की काही ग्रुप खरोखरच बंदिस्त असतात. तीन-चार सीनियर, त्यांची ठरलेली माणसं, बाकीच्यांनी चहा आणायचा. तुझा ग्रुप तसा निघाला तर महिनाभरात कळेल. मग शांतपणे तिथून निघ आणि दुसरीकडे जा. ती तुझी हार नव्हे. फक्त एका तासाच्या ऑडिशनवरून तसं ठरवू नकोस.

वडिलांचं बोलणं मी हलक्यात घेणार नाही. ‘भानगड’ या एका शब्दात त्यांची किती भीती भरलेली असेल! रात्रीचं फिरणं, राजकारण, पोरांचे ग्रुप, वाया गेलेला पैसा, आणि आपण तिथे नाही ही सगळ्यांत मोठी. ‘मला क्लब जॉईन करायचाय’ म्हणालीस तर त्या भीतीला तोंड फुटेल. त्याऐवजी त्यांना ठोस सांग: कुठल्या वारी, किती ते किती, कोणत्या मॅडमच्या देखरेखीखाली आणि परत यायची वेळ काय. शिबिराचं सांगताना बंधारा सांग. शेतकऱ्याला त्याचं मोल तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. नाटकाच्या तालमी रात्री लांबतात हे खरं आहे. राहत्या जागेचं दार कधी बंद होतं ते ग्रुपला पहिल्याच दिवशी सांगून टाक आणि त्याआधी संपणारं काम माग. मुलींनी हे सांगायला संकोचू नये. ज्या ग्रुपला एवढं समजत नाही, तो ग्रुप तुझ्या वेळेच्या लायकीचा नाही.

अभ्यासाचं म्हणशील, तर तुझंच वाक्य तुझ्यासमोर ठेवते: ‘आठनंतर रील्स बघत असते.’ यात तुला ओरडायचा हेतू नाही. दिवसभर एकटीनं बसलेल्या मुलीचं मन आठ वाजता माणसं शोधायला लागतं, ते साहजिकच आहे. रोजचे पाच तास धरले तर आठवड्याला तीस-पस्तीस तास तू अभ्यासिकेत असतेस. त्यातले तीन काढले तर राज्यसेवा हातची जाणार नाही. आता मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे, पुढे मुलाखत आहे. पाणलोटावर किंवा ग्रामसभेवर लिहिताना सात दिवस एका गावात राहून आलेल्या मुलीकडे स्वतःचं काहीतरी असतं. पण हा फायदा दुय्यम धर. तुला माणसं हवी आहेत, हे कारण पुरेसं आहे. ते मान्य करायला लाजू नकोस.

एक अपवाद सांगते. विषय राहिले असतील, तब्येत बरी नसेल किंवा घरी काही चालू असेल, तर एक सत्र काहीच न करणंही योग्यच आहे. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तसं असेल तर त्यांनी हा सगळा सल्ला खुशाल पुढच्या सत्रावर ढकलावा.

पैशाचं. टी-शर्टच्या पैशांपायी तू मागे सरकतेस हे वाचून मला वाईट वाटलं, कारण हे कारण कुणी उघडपणे बोलत नाही. ‘टी-शर्ट नंतर बघते’ एवढंच म्हणायचं. कारण सांगत बसायचं नाही. टी-शर्ट नसलेली मुलं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. आणि हात फारच तंग असेल तर कमवा आणि शिका योजनेची चौकशी कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशा ठिकाणी ठरावीक तास काम आणि तासांप्रमाणे मानधन, असं तिचं स्वरूप. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांना भेट. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला घेतात, म्हणून हे काम याच आठवड्यात कर. या योजनेतून आलेल्या पैशाइतकीच मोलाची असते ती ओळख. ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या मुलीला ग्रंथपाल नावानं ओळखतात, शिपाईमामा ओळखतात, आणि कॉलेज अचानक परकं वाटेनासं होतं.

तुझ्या विषयातही वाटा आहेत, त्या थोडक्यात सांगते. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. कॉलेजपासून सुरू होऊन विद्यापीठ आणि मग राज्य अशी ती वर जाते, आणि तिला भारी यंत्रं लागतातच असं नाही. तुमच्या गावच्या बोअरचं आणि विहिरीचं पाणी बारा महिन्यांत कसं बदलतं, हा प्रश्नसुद्धा चालतो. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. तिच्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि ते तुला ओळखणाऱ्या शिक्षकालाच मनापासून लिहिता येतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात विज्ञान प्रदर्शन असतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत त्या परिसरात, उसाच्या आणि कांद्याच्या मुलखात उभ्या. वर्गातल्या दोघींना घेऊन एसटीनं जाऊन ये. त्यासाठी कुठल्या क्लबात असायची गरज नाही.

म्हणजे करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर रासेयो पक्की धरली असती, कारण तिथे तुझं वर्ष, वेळ आणि पैसा या तिन्ही अडचणी मिटतात. नाटकाच्या तालमीला एकदा बॅकस्टेजसाठी जाऊन आले असते. जमलं तर जमलं. बाकी सगळं यंदा सोडून दिलं असतं.

आणि एक. ऑडिशनला म्हणून दाखवलेला आजीचा उतारा तूच लिहिला होतास, हे पत्रात तू कंसात, जाता जाता सांगितलंयस. माझी नजर तिथेच थांबली. तो वहीत असेल तर शोधून काढ. कॉलेजचा वार्षिकांक निघतो, त्यासाठी साहित्य मागवल्याची सूचना मराठी विभागाच्या फलकावर लागते, आणि संपादक असलेल्या मॅडमना ‘माझे आवडते ठिकाण’च्या पलीकडचं काही वाचायला मिळालं तर केवढा आनंद होईल! उतारा स्वच्छ अक्षरात उतरवून त्यांना नेऊन दे. ‘पानी’ मात्र आजी म्हणते तसंच राहू दे.

तुझी,
ताई